हरवलेला गॉगल परत मिळाला पाहिजे

एप्रिलच्या दुपारी परळीहून आलेली एसटी बीडच्या बसस्थानकात लागते. दार उघडताच पिशव्या, पोती, लेकरे आणि म्हातारी माणसे एकदमच खाली उतरू लागतात. प्रवासात काढून मांडीवर ठेवलेला काळा गॉगल उठताना घसरतो आणि सीटच्या फटीत जातो. ज्याचा तो असतो, त्याला फलाटाचे छप्पर ओलांडून उन्हात येईपर्यंत पत्ता नसतो. ऊन डोळ्यांवर आले की हात आधी नाकाकडे जातो, मग कपाळाकडे, मग खिशाकडे. तोवर गाडी पुढच्या फेरीला निघालेली असते.

यानंतर बहुतेक जण ‘जाऊ दे’ म्हणून वाटेला लागतात. मोबाइल राहिला असता तर हेच लोक धावत आगारात गेले असते. दागिन्यांची पिशवी राहिली असती तर पोलीस ठाण्यात गेले असते. गॉगलसाठी मात्र खिडकीवर जाऊन विचारायलाच संकोच वाटतो, आणि विचारायचे ठरवले तरी नेमके कोणाला विचारायचे हे ठाऊक नसते. एवढ्याशा वस्तूसाठी कोण दाद देणार, असे गृहीत धरून माणूस गप्प बसतो.

हे गृहीतक मोडायला हवे. बीडसारख्या जिल्ह्यात गॉगल ही चैनीची वस्तू नाही. तो हरवला तर शोधण्याची सोय हवी, आणि सापडला तर ज्याचा त्याला परत मिळायला हवा. ही सोय उभी करणे अवघड नाही आणि फारसे खर्चिकही नाही.

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कामे उन्हातच करावी लागतात. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडात राबतात. उसाचे पान धारदार असते. ते डोळ्याला लागले तर बुबुळावर ओरखडा उठतो, त्यात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर डोळ्यात कायमचे फूल पडते. शेतीकामात पानाने किंवा काडीने झालेल्या इजेतून होणारा हा आजार भारतातील नेत्रतज्ज्ञांच्या नेहमीच्या परिचयाचा आहे. फडातल्या माणसाच्या डोळ्यांवर साधा, बाजूने झाकलेला चष्मा असला तरी हा धोका बराच टळतो.

दुसरा धोका उन्हाचा. वर्षानुवर्षे अतिनील किरण डोळ्यांवर पडत राहिले तर मोतीबिंदू लवकर होण्याची शक्यता वाढते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ, जिला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, तिचाही ऊन, धूळ आणि वारा यांच्याशी संबंध आहे. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या लोकांमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच निघाले. अंध व्यक्तींपैकी सुमारे ६६ टक्क्यांची दृष्टी त्याने घेतली होती.

सगळेच काळे चष्मे डोळ्यांचे रक्षण करतात असे मात्र नाही. काच नुसतीच गडद असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर ती अपायकारकही ठरू शकते. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काचेतून पार झालेले किरण आत जायला जास्त वाट मिळते. म्हणून ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच घ्यावी असे सांगितले जाते. चष्म्याच्या अनेक दुकानांत एका छोट्या यंत्रावर ही तपासणी तिथल्या तिथे होते. मग लोक चांगली काच का घेत नाहीत? पैसा हे एक कारण आहेच. दुसरे कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही उघडपणे बोलतात: महाग घेऊन करायचे काय, आठ दिवसांत हरवणार. हरवण्याची धास्ती खरेदीच्या वेळीच निर्णय करून टाकते आणि माणूस रस्त्याकडेच्या गाड्यावरचा, कसलीही खात्री नसलेला गॉगल घेतो. तो हरवला की तसाच दुसरा. वस्तू परत मिळण्याचा भरवसा असेल तर चांगला चष्मा घेण्याची हिंमत वाढते. त्यामुळे ‘हरवले-सापडले’ ही केवळ प्रवाशांच्या सोयीची बाब राहत नाही. तिचा डोळ्यांच्या आरोग्याशी थेट संबंध आहे.

चष्मा हे कामाचे साधन आहे, याचा भक्कम पुरावा आसामच्या चहामळ्यांतून आला आहे. तिथे चाळिशी ओलांडलेल्या, जवळचे नीट न दिसणाऱ्या ७५१ मजुरांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा मिळाला, त्यांचे काम चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. तो चष्मा उन्हाचा नव्हता, नंबरचा होता. पण मजुराच्या नाकावरची ती दोन भिंगे गेली तर त्याचे नुकसान भिंगांच्या किमतीपुरते राहत नाही, हे त्यातून कळते. बीडमध्ये उन्हात काळ्या होणाऱ्या नंबरच्या काचा वापरणारे शिक्षक, शेतकरी, दुकानदार भरपूर आहेत. त्यांचा गॉगल हरवतो तेव्हा वाचण्याचा चष्माही त्याच्यासोबतच जातो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. फ्रेमसह नंबरचा चष्मा नव्याने करायचा तर त्या हिशेबाने कित्येक दिवसांची मजुरी मोडते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा हा आणखी वेगळा विषय. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासणीला आलेल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी केली जाते. पुढचे काही तास उजेड सहन होत नाही. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. त्यामुळे दवाखान्याच्या वाऱ्या एसटीने करणे गोरगरिबांना परवडू लागले. अशा आजीचा काळा चष्मा केजच्या स्थानकावर उतरताना गाडीत राहिला तर भर उन्हात घर गाठायचे कसे, हा प्रश्न त्याच दुपारी तिच्यापुढे उभा राहतो.

गॉगल इतर वस्तूंपेक्षा जास्त हरवतो, आणि त्यात धांदरटपणापेक्षा त्याच्या वापराच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. नंबरचा चष्मा सकाळी लावला की रात्री निघतो. गॉगलचे तसे नसते. दुकानात शिरताना तो काढायचा, बाहेर पडताना लावायचा. बँकेत काढायचा, रस्त्यावर लावायचा. वैजनाथाच्या दर्शनाला जाताना काढायचा, परतताना लावायचा. दिवसभरात तो अनेकदा हातात येतो आणि अनेकदा कुठेतरी टेकवला जातो. दर वेळी मन दुसऱ्याच कामात असते: सुटे पैसे काढण्यात, पावती घेण्यात, चपला ठेवण्यात. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल शॅक्टर यांनी २००१ मध्ये स्मरणाच्या सात दोषांवर पुस्तक लिहिले. त्यातला एक दोष हाच आहे. अशा वेळी आठवण पुसली गेलेली नसते. वस्तू ठेवताना लक्षच नसल्यामुळे ती मुळात नोंदलीच गेलेली नसते. म्हणून ‘आठव, आठव’ असे कोणी कितीही म्हटले तरी आठवत नाही, आणि विसरभोळा म्हणून रागावण्यात काही अर्थ नसतो.

दुसरी अडचण संध्याकाळची. मोबाइल हातात नाही हे दोन मिनिटांत जाणवते. गॉगलची आठवण ऊन करून देते. दुपारी आष्टीत गाडीत चढलेला माणूस दिवे लागणीला बीडला उतरला, तर ती आठवण द्यायला ऊनच उरलेले नसते. गॉगल गेल्याचे त्याला दुसऱ्या दिवशी कळते. तेव्हा तो नक्की कोणत्या गाडीत, कोणत्या दुकानात, कोणाच्या ओसरीवर राहिला, हा शोध एका दिवसाने मागे पडलेला असतो.

गॉगल डोक्यावर सारून गावभर शोधणारे लोक चेष्टेचा विषय होतात. त्यामागेही शरीराचा धर्म आहे. त्वचेवर एकसारखा राहणारा हलका दाब मेंदू थोड्या वेळाने कळवेनासा होतो. अंगावरचे कपडे, बोटातली अंगठी दिवसभर जाणवत नाही ती त्यामुळेच. डोक्यावरच्या गॉगलचेही तसेच.

शोधायचे कसे, याचेही काही ठोकताळे आहेत. मराठी घरांत वस्तू हरवली की कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणण्याची जुनी रीत आहे. काही घरांत पदराला गाठ मारतात. गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबे सेंट अँथनीला साकडे घालतात. श्लोकाने किंवा गाठीने वस्तू जागेवरून हलत नाही. पण धावपळीत असलेला माणूस त्या निमित्ताने क्षणभर थांबतो, आणि नेमके काय शोधायचे ते मनात पक्के करतो, हा या रीतींचा खरा उपयोग. अमेरिकेतील गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंगली या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनेक चित्रांमधून एक वस्तू शोधायला लावली. वस्तूचे रूप ओळखीचे असेल, तर तिचे नाव मोठ्याने उच्चारणाऱ्यांना ती लवकर सापडत होती. स्वतःशी पुटपुटत शोधणाऱ्या आजीची रीत तेव्हा अगदीच निराधार नाही.

गॉगलच्या बाबतीत एक सूत्र जास्त उपयोगी पडते. तो शेवटचा कुठे पाहिला हे आठवत नसले, तरी शेवटचे ऊन कुठे लागले हे बहुधा आठवते. गॉगल निघतो तो ऊन संपते तिथे. म्हणून शेवटच्या उन्हानंतरची पहिली सावली आधी शोधावी: रसवंतीचे बाकडे, औषधाच्या दुकानाचा काउंटर, मोटारसायकलची डिकी, एसटीची सीट, मंदिराबाहेरची चपलांची जागा. घरभर सगळे उलथेपालथे करण्यापेक्षा त्या एका सावलीत, वाकून, डोळे जमिनीच्या पातळीला आणून पाहिलेले बरे. काळी काच आणि काळी दांडी गडद सीटवर किंवा सावलीतल्या फरशीवर उभ्याने दिसत नाही. यावर सोपा उपाय रंगाचा आहे. रंग ही गोष्ट नजर शोधाशोध न करता एकदम पकडते, हे अ‍ॅन ट्राइझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतापासून मानसशास्त्रात मान्य झालेले आहे. गॉगलला लाल किंवा पिवळी दोरी बांधली, तर तो गळ्यात राहतो आणि पडला तरी दिसतो.

इथपर्यंतचा शोध ज्याचा त्याने घ्यायचा. पण गाडी निघून गेल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. तिथून पुढे यंत्रणेचे काम सुरू होते.

बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. ११ तालुक्यांच्या या जिल्ह्याचा रोजचा प्रवास आजही मुख्यतः एसटीवर चालतो. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर, पाटोदा आणि आष्टी अशी आठ आगारे आहेत. प्रवास संपल्यावर वाहकाने गाडी तपासावी, प्रवाशांच्या राहिलेल्या वस्तू ताब्यात घ्याव्यात आणि कार्यालयात जमा कराव्यात, अशी तरतूद मोटार वाहन नियमांत पूर्वीपासून आहे. आणि वाहक ती पाळतातही. पैशांचे पाकीट किंवा सोन्याचे दागिने परत करणाऱ्या वाहकांच्या सत्काराच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येतात. त्या प्रामाणिकपणाचे कौतुक व्हायलाच हवे. पण दागिने परत करणारा तोच वाहक गॉगल का परत करू शकत नाही, याचे उत्तर त्याच्या नीतीत शोधू नये. ते कामाच्या रचनेत आहे.

फेरी संपली की वाहकाला तिकिटांचा हिशेब द्यायचा असतो, रोकड भरायची असते, आणि पुढच्या फेरीची वेळ झालेली असते. गाडीवर एक नजर टाकून तो उतरतो. त्या एका नजरेत काय सुटते, याबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास आहे. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध केला. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांप्रमाणे लोकांना चित्रांमध्ये ठरावीक वस्तू शोधायला दिल्या. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती तेव्हा शोधणाऱ्यांकडून सुमारे ७ टक्के वस्तू सुटल्या. शंभरातल्या एकाच चित्रात वस्तू होती तेव्हा सुटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेले. क्वचित सापडणारी वस्तू नजरेसमोर असूनही दिसत नाही, कारण ती नसेलच असे मन आधीच धरून चालते. रिकाम्या सीटा पाहण्याची सवय झालेल्या वाहकाचे हेच होते. म्हणून नुसते ‘गाडी नीट बघा’ असे परिपत्रक काढून भागणार नाही. मुक्कामी गाडी धुतली-झाडली जाते तेव्हा प्रत्येक सीटखाली आणि फटीत टॉर्च मारून पाहणे हा ठरलेला टप्पा हवा. त्याची जबाबदारी आधीच दमलेल्या वाहकावर न टाकता आगाराने घ्यायला हवी.

रेल्वेची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. परळी वैजनाथला रेल्वे आधीपासून आहे. एकाच जिल्ह्यातली ही दोन स्थानके मात्र वेगवेगळ्या विभागांत मोडतात: बीड मध्य रेल्वेत आणि परळी दक्षिण मध्य रेल्वेत. तरीही गाडीत वस्तू राहिली तर प्रवाशाला या विभागणीशी देणेघेणे नसते. त्याने १३९ वर फोन करायचा किंवा ‘रेल मदद’वर तक्रार नोंदवायची. रेल्वे सुरक्षा दल ‘ऑपरेशन अमानत’ या नावाने राहिलेल्या वस्तू सांभाळून मालकाला परत करण्याची मोहीम चालवते. एक क्रमांक, एक नोंद आणि माग घेण्याची सोय, एवढे रेल्वेने जमवले आहे. एसटीच्या प्रवाशाला आज तेच हवे आहे.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार, सापडलेली वस्तू ज्याने ताब्यात घेतली त्याच्यावर तिची काळजी घेण्याची जबाबदारी येते. एखाद्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूची असते तेवढीच. वस्तू दहा रुपयांची की दहा हजारांची, हा फरक हे कलम करत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा गुन्हा आहे. त्याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. रस्त्यात एक रुपया पडलेला दिसला, मालक माहीत नाही आणि कोणी तो उचलला, तर तेवढ्यानेच गुन्हा होत नाही, हा दंडसंहितेच्या काळापासूनचा दाखला या कलमातही आहे. पण मालकाचा शोध घेण्याचा रास्त प्रयत्न न करता, वाजवी काळ वाट न पाहता वस्तू वापरायला घेतली तर गोष्ट बदलते. एसटीत सापडलेल्या गॉगलचा मालक शोधण्याचा रास्त प्रयत्न म्हणजे तो वाहकाकडे किंवा नियंत्रकाच्या खिडकीवर देणे. आणि नंबरचा गॉगल तर सापडणाऱ्याच्या उपयोगाचाही नसतो. दुसऱ्याच्या नंबरने डोळे दुखतात, डोके धरते. परत देण्यावाचून त्याचा दुसरा उपयोग नाही.

जगात याची व्यवस्था लावणारी शहरे आहेत. लंडनच्या वाहतूक यंत्रणेचे हरवलेल्या वस्तूंचे कार्यालय १९३३ मध्ये बेकर स्ट्रीटवर सुरू झाले. टोकियोत दरवर्षी सुमारे ४० लाख वस्तू पोलिसांकडे जमा होतात. जपानच्या कायद्यात वस्तू तीन महिने सांभाळली जाते, आणि परत करणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा हक्क आहे. त्याच टोकियोचा एक अनुभव मात्र या मागणीच्या विरोधात कोणी पुढे करू शकेल. २०१८ मध्ये तिथे ३ लाखांहून अधिक छत्र्या जमा झाल्या आणि त्यांतल्या जेमतेम १ टक्का परत नेल्या गेल्या. स्वस्त वस्तूसाठी कोणी फिरकत नाही, मग बीडच्या आगारांनी गॉगलांचा ढीग का सांभाळावा?

आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर मजुरीच्या दरात आहे. टोकियोत प्लॅस्टिकची साधी छत्री एका तासाच्या किमान मजुरीपेक्षाही कमी पैशांत येते. बीडमध्ये नंबरच्या गॉगलला कित्येक दिवस राबावे लागते. मालक फिरकत नाही तो वस्तू नको म्हणून, की ती मिळेल असा भरवसा नाही म्हणून, हे सोय केल्याशिवाय कळणार नाही. आणखी एक शंका खोट्या दाव्यांची. ती फेडायला गॉगलइतकी सोयीची वस्तू नाही. फ्रेमचा रंग, दांडीवरचा ओरखडा, तुटलेला स्क्रू हे खऱ्या मालकालाच सांगता येते. नंबरची काच असेल तर डॉक्टरची चिठ्ठी हाच मालकीचा पुरावा: चष्म्याच्या दुकानातले यंत्र काचेचा नंबर मिनिटभरात सांगते, आणि तो चिठ्ठीशी जुळला की प्रश्न मिटला.

मग करायचे काय? बीड विभागातल्या आठही आगारांत एकच पद्धत असावी. सापडलेली प्रत्येक वस्तू, मग ती पाण्याची बाटली असो, टिफिन असो की गॉगल, तारीख, गाडीचा मार्ग आणि थोडक्या वर्णनासह वहीत नोंदवावी. आठ वह्यांची मिळून एक यादी रोज संध्याकाळी तयार व्हावी, कारण आष्टीत चढलेल्या माणसाचा गॉगल परळीच्या आगारात सापडू शकतो. चौकशी खिडकीशेजारी फलक आणि एक दूरध्वनी क्रमांक असावा. वर्णन मोघम ठेवावे, म्हणजे ओळख पटवायला तपशील हाती राहतो. वस्तू तीन महिने ठेवावी. याला नवी इमारत लागत नाही, की नवी भरतीही लागत नाही. एक कपाट, एक वही आणि ठरवून दिलेला एक कर्मचारी पुरतो.

रुग्णालयांनी आणि नेत्रशिबिरे घेणाऱ्या संस्थांनी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा देताना सोबत दोरी द्यावी आणि दांडीच्या आतल्या बाजूला नातेवाइकाचा फोन नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावावी. चष्मेवाल्यांनी डबीत दुकानाचे नाव आणि ग्राहकाचा क्रमांक लिहिलेले कार्ड घालावे, म्हणजे सापडणाऱ्याला मालकाचे नाव कळले नाही तरी दुकान कळेल. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचे सामान ट्रॅक्टरमध्ये चढते तेव्हाही वस्तू गळू शकतात. तिथे मुकादमांनी आणि कारखान्यांनी कामगारांच्या डोळ्यांचे चष्मे कोयत्याइतक्याच जबाबदारीने मोजून घ्यावेत. आणि प्रवाशांनी उतरल्यावर तिकीट लगेच फेकू नये. त्यावरच्या आगार, तारीख आणि वेळ या नोंदींवरून गाडी शोधता येते. गॉगलसाठी खिडकीवर जाऊन विचारण्यात कमीपणा काही नाही.

उन्हाळी सुट्टीची गर्दी एप्रिलच्या मध्यापासून सुरू होते. त्याआधी, १ मार्चला, विभाग नियंत्रकांनी ही नोंदवही आठही आगारांत सुरू करावी. जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की किती वस्तू जमा झाल्या, त्यांत चष्मे आणि गॉगल किती होते, आणि त्यांतले किती मालकांना परत गेले, हे आकडे वृत्तपत्रांना द्यावेत. पद्धत चालली तर लातूर, धाराशिव आणि जालना विभागांनी ती उचलावी. चालली नाही तर कुठे अडले, हे त्याच आकड्यांवरून शोधावे आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी दुरुस्त करावे.